मी माफ केलेला माणूस

रविवार, २ नोव्हेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे पास्टर धनंजयभाऊंनी सांगितलं. लाखनीत त्यांच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आमची प्रार्थना होते. तिथं या महिन्यापासून शुभवर्तमान वाचायला घेतलंय, चारांतलं सगळ्यांत छोटं. "मनिष," ते म्हणाले, "वाचून काय समजलं ते लिहत जा. अन् राग आला का तेही लिही. हाताले काम राहील." सगळे हसले. माझा राग लाखनीपर्यंत पोचलेला आहे.

खोटं कशाला बोलू? कबड्डी खेळायचो तेव्हा पंचाचा दात पाडला होता. सासुरवाडीला आसगावात, स्वतःच्या वरातीत, बँडवाल्याला बडवलं होतं. मग डिंपल आजारी पडली. डॉक्टरनं हात टेकले आणि याच शेडमधल्या लोकांनी, ओळख ना पाळख, तिच्यासाठी उपास धरले. ती उठली. तेव्हापासून मी प्रभूचा झालो आणि माणसावर हात उचललेला नाही.

आज बियाची गोष्ट झाली. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि ते कसं वाढतं हे त्याला कळत नाही. मी म्हटलं, कळत कसं नाही, युरिया टाकला की वाढतं. पास्टर हसले नाहीत. म्हणाले, "देवाचं राज्य तसंच येते, आपल्याले न विचारता."

माय अजून मानत नाही. ती बाबांच्या देव्हाऱ्यापुढं बसते, मी आणि डिंपल लाखनीला येतो. गावालाही आमचं खुपतं. सगळ्यांत जास्त केवळराम काकांना. ते बाबांचे चुलतभाऊ, त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आमच्या बांधीला लागून, मध्ये एक धुरा, मातीचा बांध. दिवाळीत पानठेल्यावर चारचौघांत म्हणाले, "बापाचा देव सोडला यानं. आता याचा धान घरी कसा येते, पाहतो मी." हे नुसतं लिहून ठेवतो. राग नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कापलेल्या धानाचा पुंजणा रचून झाला. लोंब्या आत, बुडखे बाहेर, भाऱ्यावर भारा, असा गोल चढवत नेला की खाली उतरताना पाय लटलटले. गावात मळणीचं यंत्र एकच, आमचा नंबर यायला वेळ आहे. तोवर वर्षाचा सगळा धान त्या पुंजण्यात.

बाबा होते तेव्हा पुंजणा रचला की माय त्याच्यापुढं दिवा लावायची, नारळ फोडायची. आज सांजेला ती ताट घेऊन निघाली. मी दारात आडवा झालो.

"एक दिवा लावून येतो बाबू," ती म्हणाली. "तुह्या देवाचं त्यात काय जाते?"

मी समजावलं. दोनदा समजावलं. मग ताटाला लाथ मारली. नारळ गडगडत नालीत गेला, तेल तिच्या लुगड्यावर सांडलं. मी म्हणालो, "खळ्यावर पुन्हा दिवा दिसला तं हात तोडून टाकीन." कुणाचा ते बोललो नाही.

तिनं ताट उचललं. खाली बसून फुटक्या पणतीचे तुकडे वेचले. वाईट वाटलं, पण तत्त्व ते तत्त्व. माणसावर हात उचललेला नाही, ही गोष्ट आजही खरी आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पुंजणा गेला.

दिवेलागणीला मी चौकात दाढी करायला बसलो होतो. कुणीतरी ओरडत आलं, मनिषच्या पुंजण्याले आग. अर्ध्या गालावर फेस घेऊन पळालो. दिसायच्या आधी आवाज आला. लाह्या फुटाव्यात तसा धान तडतडत होता. मग धूर, मग तो लाल डोंगर.

केवळराम काका माझ्याआधी तिथं होते. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, हातात बादली, भुवया जळून गेलेल्या. मला पाहून खेकसले, "उभा काहून हायेस बे? तणस वढ बाजूले, माह्यापर्यंत येईल." मी जळते भारे हातानं ओढले. मनगटापासून कोपरापर्यंत केस जळाले, एक भारा छातीवर आला, कुणीतरी मला कमरेला धरून मागं खेचलं. वारा नव्हता, तरी काही वाचलं नाही. पुंजणा आतून पेटला होता. आतून पेटलेला पुंजणा विझत नाही.

माय धुऱ्यावर बसलेली दिसली, दोन्ही हात ओल्या चिखलात खुपसून. आग विझवायला धावली असेल आणि पडली असेल. उठवायला गेलो तर हात मागं घेतले. "गेलं बाबू," एवढंच म्हणत राहिली.

आता घरात बसून एकच विचार करतोय. सगळ्यांत जवळ कुणाची बांधी? सगळ्यांत आधी कोण पोचलं? एवढ्या लवकर कसं पोचलं?

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी कोयता घेऊन निघालो होतो. डिंपलनं बाहेरून कडी लावली. दार लाथांनी हाणलं, फळी चिरली, पण कडी टिकली. बाबांनी लावलेली कडी.

तलाठी येऊन गेला. कारण अज्ञात लिहिलं. अज्ञात म्हणे. अख्ख्या गावाला ज्ञात आहे. आमच्या भागात खून करून आलेल्याशी लोक दोन शब्द बोलतील, पण पुंजणा जाळणाऱ्याच्या हातचं पाणी पीत नाहीत. लोकांच्या तोंडचा घास जाळतो तो.

दुपारी पास्टर आले. मी म्हणालो, ठाण्यात जाऊन तक्रार देतो, नाहीतर त्याचा पुंजणा पेटवतो, दोन्हींपैकी एक. ते म्हणाले, "त्यानंच केलं, हे तुले ठाव हाये का?"

"देवाची शपथ."

"शपथ नको घेऊ. माफ करता येते का, ते पाह्य."

ते गेल्यावर मी गुडघ्यावर बसलो. दात करकरत होते, मुठी उघडत नव्हत्या. शुभवर्तमानात आहे, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा मनात कुणाविरुद्ध काही असेल तर सोडून द्या. मी मोठ्यानं म्हणालो, केवळराम काका, मी तुम्हाला माफ करतो. पुन्हा म्हणालो. हळूहळू मुठी उघडल्या आणि जीव हलका झाला. इतका हलका की रडलो. तक्रार देणार नाही. त्यांना गावात फिरू दे, मोकळं. मी ठरवलंय.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज शेडमध्ये सगळ्यांपुढं साक्ष दिली, प्रभूनं माझ्यात काय केलं ते सांगितलं. आधी नाव घेणार नव्हतो, पण नावाशिवाय साक्ष फिकी वाटत होती. पानठेल्यावरच्या धमकीपासून सुरू केलं आणि गुडघ्यावर बसलो तिथं संपवलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्या हातावरचे फोड मी दाखवले. कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते कुठल्या कुठं गेलं. साकोलीहून फोन आला. बपेऱ्याहून एक भाऊ बोलला, "जय मसीह की. आमच्याकडे येऊन बोला, इथल्या पोरांना गरज आहे." आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल लोक चांगलं बोलतायत.

पास्टर तेवढे गप्प होते. शेड रिकामी झाल्यावर म्हणाले, "नाव नसतं घेतलं तरी चाललं असतं." मला वाटतं त्यांना थोडा हेवा वाटला. माणूसच आहेत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आनंदाची गोष्ट लिहितो. मायच्या मनात काम सुरू झालंय.

आग लागल्यापासून ती धड जेवत नाही, देव्हाऱ्यापुढंही बसत नाही. आज मी धानाच्या बुडाची राख गोळा करून आलो, तर माझ्या बाजूला येऊन बसली. म्हणाली, "बाबू, तुह्या देवाजवळ कायचीबी माफी भेटते का?"

मी म्हटलं, कायचीबी.

"जाणून नाई केलं, चुकून झालं, अन् दुसऱ्याचं घर बसलं, तरी?"

मी तिला खाटेवरच्या लुळ्या माणसाची गोष्ट सांगितली. चौघांनी त्याला उचलून आणलं, दारात गर्दी, म्हणून छप्पर उकलून वरून खाली सोडलं. आणि प्रभूनं आधी पाय नाही दिले, आधी माफी दिली. तिचे डोळे भरले. मग मी समजावून सांगितलं की त्याआधी पश्चात्ताप लागतो, कबुली लागते, केवळराम काकांसारखं ताठ राहून चालत नाही.

ती म्हणाली, "केवळराम तसा माणूस नोहे."

"माय, तू भोळी आहेस."

"बाबू, आयक ना मले—"

मी तिला बोलूच दिलं नाही, तिथंच तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती थरथरत होती. आत्म्याचा स्पर्श असाच असतो.

डिंपलला सांगितलं तर तिला म्हणावा तसा आनंद झाला नाही. म्हणाली, "आईंच्या तळहाताले मी रोज मलम लावतो. पडल्यानं हात असा भाजते का?" बायकांचं लक्ष कुठं असतं पाहा. मी आत्म्याबद्दल बोलतोय आणि ही तळहाताबद्दल.

रविवार, २३ नोव्हेंबर

केवळराम काकांच्या रुचिकाचं जमलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी लाखनीहून निरोप पाठवला, पुंजणा जाळणाऱ्याची पोरगी नको. त्यांनी माझा मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला म्हणे. गावातल्या सोसायटीतही काकांशेजारी कुणी बसत नाही. त्यांच्या बांधीत उरलेला धान बांधायला मजूर येत नाहीत.

मला वाईट वाटलं, पण खाई त्याला खवखवे. मी तर माफ केलेलं आहे. त्यापुढं लोक काय करतात, त्याला मी काय करणार?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

काय झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी मी बांधीत जळकी जागा साफ करत होतो. काका बैलगाडी घेऊन आले. गाडी धुऱ्याशी सोडली आणि सरळ माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, जळल्या भुवया अर्धवट उगवलेल्या.

"मन्या, तुही माफी वापस घे."

मला समजलं नाही.

"लाखनीले जा, त्या मोबाइलवर बोल, केवळरामनं पुंजणा नाई जाळला. माह्या पोरीचं लगन मोडलं."

मी शांतपणे म्हणालो, काका, माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही. मी माफ केलं आहे.

"अबे पण कायची माफी? ठाण्यात तक्रार द्यायची होती ना. पोलीस आले असते, इचारलं असतं, पाह्यलं असतं, मी सुटलो असतो. तू तं माफच करून टाकलं. आता मी कुठं जाऊन सुटू?"

मी म्हटलं, कबूल करा, सुटाल. त्यांनी माझ्या कानाखाली ठेवून दिली. मी दुसरा गाल पुढं केला. अगदी केला. त्यांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. साठीचा माणूस, माझ्या बापाचा भाऊ. "हात जोडतो बाबू, माही पोरगी अन्न खात नाई."

"आधी कबूल करा."

"नाई केलं तं काय कबूल करू?"

त्या वेळी माझ्या डोक्यात काय झालं ते मला अजून धड सांगता येत नाही. मी एवढं केलं याच्यासाठी, दात खाऊन, गुडघे टेकून, आणि हा ते घेतच नाही. दुसरा गाल देऊन झाला होता. त्यापुढं काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

गाडीच्या कडेचा लाकडी दांडा, उभारी, उपसली आणि पहिला घाव गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. ते बसले नाहीत, कोसळले. तोंडावर घाव येईल म्हणून हात आडवा केला, तो हात मोडला. मग उभारी टाकून दिली आणि त्यांच्या छातीवर बसून बुक्क्यांनी तोंड फोडलं. "बोल, केलं म्हण," असं मी ओरडत होतो. ते रक्तातून म्हणत होते, नाई, नाई. शेजारच्या बांधीतल्या बाया किंचाळत पळाल्या. मी थांबलो तो दया आली म्हणून नाही. दम लागला म्हणून.

माणसं धावत आली. बांधीपर्यंत अँब्युलन्स येत नाही, बैलगाडीचे हिसके त्यांना सोसले नसते, मोठा रस्ता लांब. त्यांच्या बांधीवरच्या झोपडीतली खाट आणली, त्यावर त्यांना घातलं. उचलायला तिघंच होते. चौथा मी झालो. कुणी मला नको म्हटलं नाही, कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. धुऱ्यावरून पाय सटकायचा आणि दर वेळी ते कळवळायचे. खाटेच्या सुंभातून रक्त गळून माझ्या पायावर पडत होतं. त्या लुळ्या माणसाला चौघांनी नेलं, त्याला लुळा त्या चौघांतल्या कुणी केला नव्हता.

घरी आलो. बोरिंगवर हात धूत होतो. माय आली. हापशाचा दांडा तिनं धरला, मला पाणी घालत राहिली आणि म्हणाली,

"आग म्या लावली बाबू."

मी म्हटलं, काय?

"दिवा लावला होता. तुह्या बाबाच्या धानाले कधी बिना दिव्याचं ठेवलं नाई. उघड्यावर ठेवला असता तं तुले दिसला असता. म्हणून खालच्या भाऱ्याच्या सांदीत आत ठेवला. मले वाटलं वात लहान हाये." तिनं तळहात पुढं केला. सोललेला, काळा पडलेला. "हातानं काढून पाह्यला. नाई निघाला."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगत होतो त्या दिवशी. तू प्रार्थना करून राहिला होता."

पाणी पडत राहिलं. हात कधीचे धुऊन झाले होते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

काकांच्या मुलानं, कैलाशनं, तक्रार दिली. मला ठाण्यात दिवसभर बसवलं, नोटीस देऊन सोडलं, जबाब व्हायचा आहे. पास्टरांनी भंडाऱ्याचा वकील गाठून दिला. वकील चांगला माणूस आहे, ऐकून घेतलं. मायची गोष्ट मी सांगितली नाही. तो म्हणाला, "तुमचा वर्षाचा धान जाळला, मनस्ताप झाला, वर त्यांनी थोबाडीत मारली, तोल गेला. एवढं धरून ठेवा. मी पाहतो."

पास्टरांना मात्र खरं सांगितलं. ते खुर्चीत खाली खाली जात राहिले. मग म्हणाले, "आत्ता कोणाले सांगू नको. आधीच लोकं शेड पाडू म्हणून राहिले. संगतीतल्या लेकराबाळांचा विचार कर." मला त्यांचा राग आला नाही. मला हेच ऐकायचं होतं.

घरी येऊन डिंपलला म्हणालो, गप्प राहतो. मायसाठी. म्हाताऱ्या बाईची गावात काय इज्जत राहील? आणि प्रभूही न्यायाधीशापुढं गप्प राहिलेच होते.

डिंपल भात वाढत होती. म्हणाली, "ते गप्प राह्यले तं त्यायचा जीव गेला. तुमी गप्प राह्यले तं काकाजीचा जाते."

मी ताट भिरकावलं. भात भिंतीला चिकटला. तिनं दुसरं ताट घेतलं आणि पुन्हा वाढलं. माय कोपऱ्यातून म्हणाली, "माह्यं नाव घेऊन खोटा नको राहू. माह्या इज्जतीचं मी पाहीन."

रविवार, ३० नोव्हेंबर

शेडमध्ये उभा राहून सांगितलं. दिवा, लाथ, उभारी, सगळं. माय डिंपलशेजारी बसली होती, पहिल्यांदा आली होती. कुणी रडलं नाही. कुणी मोबाइल काढला नाही. मागच्या रांगेतली दोन घरं मधूनच उठून गेली.

मी सांगितलं की मागची साक्ष खोटी होती, ज्यांनी पाहिली त्यांना कळवा. एक जण म्हणाला, "ती तर पुण्यापर्यंत गेली, आता कुठून परत आणायची?"

पास्टर वाचायला उठले. वधस्तंभाचा अध्याय होता. दोन ओळी वाचल्या आणि त्यांना पुढं वाचता येईना. पुस्तक मिटलं, माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसले. म्हणाले, "मीबी तुले गप्प राह्य म्हटलं होतं, हे यायले सांग." मी सांगितलं. प्रभू पाप्यांसाठी आला, हे वाक्य मी दोन वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल. दर वेळी समोरच्याकडे बोट करून.

सोमवार, १ डिसेंबर

भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेलो, माय आणि मी. जिन्यातच कैलाश भेटला. त्यानं मला धरलं, भिंतीवर डोकं आपटलं, पोटात गुडघे घातले. पडल्यावर तोंडावर लाथ मारली. दात हलतोय. मी हात उचलला नाही. कुणाला वाटेल मी फार मोठं काही केलं, तर तसं नाही. मला उचलावासा वाटलाच नाही. मायनं त्याला सोडवायला हात घातला नाही. तो दमला तेव्हा ती म्हणाली, "झालं असंन तं आता मले तुह्या बापाकडं ने."

काकांचा पाय वजनाला टांगलेला, डॉक्टर म्हणे तो आता सरळ व्हायचा नाही. हात प्लास्टरमध्ये. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं, पुढचे दात नाहीत. रुचिका उशाशी होती, आम्हाला पाहून उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मायनं सगळं सांगितलं. तळहात दाखवला नाही, नुसतं सांगितलं. काकांनी डोळे मिटले. फुटक्या ओठांतून बोलले, "वैनी, मले सांगतलं असतं. माह्या खळ्यावर लावून देल्ला असता दिवा."

मी त्यांच्या पायाकडच्या बाजूला उभा होतो. मी म्हणालो, काका, मला माफ करा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्यात रक्त साकळलेलं.

"तू मले माफ केलं होतं," ते म्हणाले, "तवा म्या काईच केलं नोतं. तुले ते देणं सोपं गेलं. आता माह्याजवळ माफ करासारखं खरंच हाये." दम घेतला. "मन नाई होऊन राह्यलं. तू जाय."

मी तिथंच उभा. रुचिका खिडकीकडूनच म्हणाली, "जा म्हटलं ना बाबांनी."

बाहेर आलो. माय आतच थांबली. त्यांना चमच्यानं पेज भरवत होती, दारातून दिसलं. मी पायरीवर बसलो आणि प्रार्थना करायला गेलो, तर जमेना. मागायचं काय? देवानं माफ केलं असेल, तर तेही मी काकांना न विचारता घेऊ का? हे कुणाला विचारावं ते कळत नाही. आमच्या शेडमध्ये हे कुणी शिकवलेलं नाही, किंवा शिकवत होते तेव्हा मी टाळ्या ऐकत होतो.

बुधवार, ३ डिसेंबर

आज ठाण्यात जबाब झाला. वकिलाला आधी फोन केला. तो म्हणाला, "असं सांगितलंत तर माझ्या हातात काही उरत नाही, शिक्षा होईल." मी म्हटलं, असू द्या. डिंपल सोबत आली, बाकावर बसून राहिली.

भैयाजी हवालदार लिहायला बसले. पिकल्या मिशांचा, सबुरीचा माणूस. पुंजण्याचं सांगितलं. त्यांनी लिहिलं, दिव्यामुळे आग लागली, कोणावर संशय नाही. म्हणाले, "दिवा लावणं काही गुन्हा नोहे. आईले सांगा, घाबरू नको." मग बांधीतलं सांगितलं. उभारी, गुडघा, हात, तोंड. मध्ये एकदा त्यांनी पेन थांबवून माझे हात पाहिले.

"अन् मारलं कायच्यासाठी?"

मी म्हणालो, मला वाटलं त्यांनी जाळला.

"ते तुमच्या मनातलं झालं. त्यानं काय केलं? काही हिसकलं? मारायले धावला? हत्यार उचललं?"

"एक थापड मारली."

"म्हणून मारलं?"

म्हणून मारलं असं म्हटलं असतं, तर तेवढा आधार उरला असता. वकील म्हणालाच होता. डिंपल बाकावरून माझ्याकडे पाहत नव्हती, तिच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती.

"नाही," मी म्हणालो. "थापडेनंतर त्यांनी हात जोडले होते. हात जोडल्यावर मारलं."

भैयाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "भाऊ, मले कारण तं लिहावं लागन. बिनाकारणाचं कोणी एवढं मारते का? पंचाले मारलं, बँडवाल्याले मारलं, सगळ्याले कारण असते."

त्यांना ते कुठून कळलं होतं कोण जाणे. आणि ते बरोबर होतं. मला दर वेळी कारण होतं. आयुष्यभर माझ्याजवळ कारण होतं. ताटाला लाथ मारली तेव्हाही होतं.

"कारण नाही," मी म्हणालो.

"मग विनाकारण लिहू?"

"लिहा."

त्यांनी सावकाश लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. सदर दिवशी मी माझे चुलत काका केवळराम, ज्यांनी माझे काहीही वाईट केलेले नाही, यांना त्यांनी हात जोडले असताना विनाकारण मारून कायमचे अधू केले. त्यांनी मला माफ केलेले नाही.

शेवटचं वाक्य मीच घालायला लावलं होतं. भैयाजी म्हणाले, याची गरज नाही, कायद्यात असं काही नसतं. मी म्हटलं, राहू द्या.

"सगळं बरोबर हाये?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो बरोबर आहे, आणि सही केली.